फुलांखालची पट्टी

दसऱ्याच्या सकाळी दुर्गाने पोह्यांत मीठ दोनदा घातलं, दूध उतू घालवलं आणि आपट्याची पानं स्वतःच फ्रिजमध्ये ठेवून मग घरभर शोधली. एरवी ही बाई इतकी वेंधळी नव्हती. उज्जैनच्या माधव नगरातल्या शाळेत ती गणित शिकवायची आणि फळ्याकडे तोंड असतानाही मागच्या बाकावर कोण शेव खातंय हे तिला कळायचं. पण आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी सोफा होता तिथे, आता एक मशीन उभं होतं. मशीनवर झेंडूच्या फुलांचा ढीग होता. त्या फुलांखाली जे होतं त्याचा अर्थ घरात फक्त तिलाच कळत होता.

मशीन तैवानचं होतं. बाहेरच्या देशांतला माल आपल्याकडे सर्रास मिळायला लागला त्या वर्षांतली ही गोष्ट. लोक टावर चौकातून टीव्ही आणत होते, मिक्सर आणत होते. दुर्गाच्या नवऱ्याने, श्रीनाथने, इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडून लाकूड कापायचं टेबल आणलं. वर गुळगुळीत लोखंडी पाटा, मधोमध फट आणि फटीतून वर येणारं गोल, दातेरी ब्लेड. श्रीनाथ फ्रीगंजमधल्या एका बँकेत अधिकारी होता. शाखेत कॉम्प्युटर आले आणि त्याचं मन उडालं. तिथे आता माणसाचं काम उरलं नाही, नुसतं बटणाचं उरलं, असं तो म्हणायचा. दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा काढून तो घरी देवघरं बनवायला लागला. बटणाला कंटाळलेला माणूस घरी येऊन बटणच दाबतो, हे दुर्गाने त्याला ऐकवलं होतं. त्यावर तो मनापासून हसला होता, म्हणजे सगळंच मुसळ केरात.

तिला हसू येत नव्हतं. तिच्या वडिलांनी रेल्वेची नोकरी सोडून देवासला सोड्याच्या बाटल्यांचा कारखाना काढला होता. कारखाना बुडाला आणि आई पापड लाटायला लागली. लहानपणी शाळेतून येताना दुर्गा लांबूनच बघायची, अंगणात पापड किती वाळताहेत, आणि त्यावरून आजचा दिवस कसा आहे ते ओळखायची. नोकरी सोडतो म्हणणारा माणूस दिसला की तिच्या डोळ्यांपुढे पापडच यायचे. त्यात हे मशीन. भाजी फोडणीला टाकताना तिचे कान बाहेरच्या खोलीत असायचे. आवाज सुरू झाला की धसका, आणि मध्येच थांबला की त्याहून मोठा धसका.

आता फुलांखालच्या भानगडीकडे वळू. श्रीनाथच्या देवघराला आठ पाकळ्यांचं शिखर होतं. आठ फळ्या एकमेकींना टेकून वर निमुळत्या व्हायच्या. सांध्यात केस जाईल एवढीही फट राहू नये, तर प्रत्येक फळीची कड तिरकी कापावी लागते आणि त्यासाठी ब्लेडच तिरकं करावं लागतं. मशीनला तशी सोय होती. पण ब्लेड ज्या फटीतून वर येतं तिच्याभोवती टेबलात एक सुटी पट्टी बसलेली असते. सरळ कापायची पट्टी असेल तर तिची चीर सरळ आणि अगदी ब्लेडपुरती. ती तशीच ठेवून ब्लेड तिरकं केलं आणि वर घेतलं, तर ते चिरेतून येत नाही, सरळ पट्टीत घुसतं. पट्टी लोखंडाची असली तर पट्टीही जाते आणि ब्लेडचे दातही जातात.

श्रीनाथने पहिल्याच आठवड्यात हे करून दाखवलं होतं. नव्याची नवलाई, कोणाला विचारायचं नाही, घातलं ब्लेड पट्टीत. पट्टीचा चोथा झाला आणि ब्लेडचा एक दात त्याच्या कानाजवळून उडून मागच्या खिडकीच्या चौकटीत रुतला. त्या खिडकीखालीच सासूबाईंची, माईंची, खुर्ची असते. माई त्या वेळी देवळात होत्या, देवाची कृपा. दात अजूनही तिथेच होता. श्रीनाथने तो काढला नाही, आठवणीला राहू दे म्हणाला. मग इंदूरहून नवी सरळ पट्टी मागवली, चकचकीत, पोलादी. तिरक्या कामासाठी त्याने स्वतः सागवानाची दुसरी पट्टी बनवली, तिला तिरकी चीर पाडली. तेव्हापासून मशीनला हात लावण्यापूर्वी तो मोठ्याने म्हणायचा, "ब्लेड पूर्ण खाली. पट्टी बदल. मग तिरकं. प्लग बाहेर. हाताने एक फेरा. कुठे लागत नाही ना? मग बटण." रोज ऐकून ऐकून दुर्गाला ते रामरक्षेसारखं पाठ झालं होतं. वरण घोटताना तिचेही ओठ हलायचे.

या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत होती. सासरे शाळामास्तर होते तेव्हा पाटावर दौत आणि टाक असायचा, शेजारी विळी, कात्री, अडकित्ता. आता दुर्गाचं लाल पेनही असायचं. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि दसऱ्याला हात लावला की पहिल्या हाताला कामच झालं पाहिजे. पेनाने एक ओळ लिहायची, विळीने एक काकडी चिरायची. पेन चालतं का म्हणून कोपऱ्यात रेघोटी मारून पाहिलेलं माईंना खपत नसे. पुजलेल्या हत्याराची परीक्षा घ्यायची नसते, असं त्या म्हणायच्या. मशीनसाठी त्यांनी एक कलम आणखी वाढवलं. वरची फुलं कोणी हाताने काढायची नाहीत. मशीन सुरू झालं की ती आपली आपण गळतील आणि तोच देवीचा कौल.

श्रीनाथ देवधर्माचा फारसा नाही, पण आईच्या शब्दाबाहेरही नाही. अष्टमीलाच त्याने सगळी तयारी करून ठेवली. ब्लेड खाली घेतलं, सागवानी पट्टी बसवली, ब्लेड तिरकं केलं, हाताने फिरवून पाहिलं आणि पुन्हा पूर्ण खाली घेतलं. शिखराची शेवटची पाकळी त्याने मुद्दाम दसऱ्यासाठी राखली. म्हणजे मुहूर्ताला फक्त बटण दाबायचं, चाक फिरवून ब्लेड वर घ्यायचं आणि फळी सरकवायची. परीक्षा घ्यायचा प्रश्नच नाही.

पण नवमीला सकाळी तो टावर चौकात गेला आणि घरात माईंनी मशीन पाहिलं. सागवानी पट्टी तेलाने काळी पडली होती, तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि तिची तिरकी चीर म्हणजे दात पडलेलं तोंड. माईंनी नाक मुरडलं. नव्या नवरीला पूजेला फाटकं लुगडं नेसवतात का, असं म्हणाल्या. भिंतीवर खिळ्याला पोलादी पट्टी लखलखत होती. दुर्गाने सागवानी पट्टी बोटाने उचलून काढली, खिळ्याला अडकवली आणि तिच्या जागी पोलादी बसवली. ब्लेड खोल खाली होतं, पट्टी बिनतक्रार बसली. माईंनी तिच्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं आणि वर ओंजळी ओंजळीने झेंडू ओतला. हे आले की सांगू, एवढंच दुर्गाच्या मनात होतं. तोवर तिच्या मनात खरोखर दुसरं काही नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

श्रीनाथ आला तो उड्या मारतच. टावर चौकात पूजेच्या सामानाचं मोठं दुकान असलेले भेरूलालजी उद्या मुहूर्ताला येणार होते. त्यांच्यासमोर शेवटची पाकळी कापायची, शिखर जोडून दाखवायचं. सांधा त्यांच्या मनाला आला तर जेवढी बनतील तेवढी देवघरं ते घेणार.

"भेरूलालजींनी एकदा हां म्हटलं की बस. सोमवारी राजीनामा देऊन टाकतो," तो जेवताना म्हणाला.

दुर्गाच्या ओठांवर आलं होतं, अहो, ती पट्टी बदललीय. तेवढ्यात राजीनामा हा शब्द आला आणि तिने तोंड मिटून त्याला आणखी भात वाढला. मग तो दिवस तसाच गेला. आरतीच्या वेळी सांगेन म्हणाली, नाही सांगितलं. पानं मांडताना सांगेन म्हणाली, तेव्हाही नाही. प्रत्येक वेळी तिच्या मनातून कोणीतरी हळूच म्हणायचं, काय होईल फार तर? पट्टी जाईल. ब्लेड जाईल. भेरूलालजी तोंड वाकडं करून निघून जातील आणि सोमवारी हा माणूस डबा घेऊन बँकेत जाईल. मी काही मुद्दाम केलेलं नाही, माईंनी सांगितलं म्हणून केलं. असा साळसूद विचार जो करतो त्याला झोप लागत नाही. दुर्गालाही लागली नाही.

तर दसऱ्याची सकाळ. श्रीनाथ नवा कुर्ता घालून खोलीत येरझारा घालत होता. माई आपल्या खुर्चीत, खिडकीखाली, जपमाळ घेऊन बसल्या होत्या. भेरूलालजी आले, पांढरी टोपी, कपाळाला टिळा, हातात मिठाईचा डबा. दुर्गाने त्यांना पोहे दिले. खारट पोहे त्यांनी मुकाट्याने खाल्ले, भला माणूस. शिखराच्या कापलेल्या पाकळ्यांवर त्यांनी अंगठा फिरवून पाहिला.

"काम तो साफ है, भाई साब," ते म्हणाले. "अब जोड़ दिखाओ."

मुहूर्त जवळ आला. श्रीनाथ मशीनसमोर उभा राहिला. एरवी या वेळी त्याची ती रामरक्षा सुरू व्हायची. आज पाहुण्यासमोर त्याला संकोच वाटला असावा आणि सगळं तयार आहे याची खात्रीही होती. तो गप्प राहिला. ती शांतता दुर्गाला सहन होईना. ती आरतीचं तबक घेऊन दारात उभी होती.

तेव्हा तिने एक गोष्ट केली. तबक खाली ठेवून ती माईंजवळ गेली, उन्हाची तिरीप येतेय म्हणाली आणि त्यांना उठवून खुर्ची पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवली. माई कुरकुरल्या, कारण ऊन कुठेच नव्हतं. मग भेरूलालजींनाही तिने इकडून छान दिसेल म्हणून माईंच्या बाजूला बसवलं. सगळे सुरक्षित जागी बसले. दुर्गा वळली आणि तिला खिडकीच्या चौकटीतला तो दात दिसला. त्याच्यासमोर आता फक्त श्रीनाथ होता.

तेव्हा तिला समजलं, आपण काय करतो आहोत. पट्टीच जाईल, ब्लेडच जाईल, असं स्वतःला समजावत होतो आणि हात मात्र माणसं हलवत होते. म्हणजे हातांना कालपासून सगळं ठाऊक होतं. सासूला हलवलं, परक्या माणसाला हलवलं, आणि नवऱ्याला तिथेच राहू दिलं. दुर्गाला आपली किळस आली.

श्रीनाथने हात जोडले आणि बटण दाबलं.

मशीन गरजलं. झेंडूची फुलं थरथरली आणि एकेक करून टेबलावरून घरंगळायला लागली. माईंनी समाधानाने हात जोडले, कौल मिळाला. श्रीनाथचा हात ब्लेड वर आणायच्या चाकावर गेला. दुर्गा ओरडली, अहो थांबा, पण त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. तो फुलांकडे बघत हसत होता आणि चाक फिरवत होता. त्याच्याकडे धावून त्याचा हात ओढायचा तर तोच हात ब्लेडवर जायचा, एवढं तिला कळत होतं. ती उलट धावली, दाराशेजारच्या मीटरकडे, आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

वीज गेली तरी ब्लेड लगेच थांबत नाही. आवाज उतरता उतरता पट्टीखालून एकदा खर्रकन् झालं. श्रीनाथने दचकून चाक सोडलं. मग सगळं थांबलं. टेबलावर चार-दोन फुलं उरली होती.

"लाइट गई," भेरूलालजी म्हणाले. उज्जैनमध्ये हे वाक्य म्हणायला कारण लागत नसे. माईंनी वीज मंडळाला दोन शिव्या दिल्या, सणाच्या दिवशीसुद्धा यांना चैन नाही म्हणाल्या. श्रीनाथ चुळबुळत म्हणाला की येईल पाच-दहा मिनिटांत. दुर्गा स्विचजवळच उभी होती, आणि तिच्याकडे कोणीही पाहिलं नव्हतं. देवीने तिला आयतं खोटं हातात दिलं होतं. आता गुपचूप पट्टी बदलायची, मग गुपचूप स्विच वर करायचा. कोणाला कधीच काही कळलं नसतं.

"लाइट नाही गेली," ती म्हणाली. "मी बंद केली. आत सरळ पट्टी आहे."

श्रीनाथने उरलेली फुलं हाताने बाजूला केली. हळदीखाली पोलाद चमकलं. त्याने पट्टी उचलून उलटी केली. खालच्या बाजूला ब्लेडने घासलेला पांढरा ओरखडा होता. त्याने त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"केव्हा बदलली?"

"काल. पूजेच्या वेळी."

माई मधे पडल्या, मीच सांगितलं तिला, काळी पट्टी पूजेला बरी दिसत नव्हती, पण त्यात एवढं काय. श्रीनाथने मान डोलावली. तेवढ्यावर सगळं भागलं असतं. साधी चूक, सणाच्या धांदलीतली. पण मग त्याची नजर फिरली. रिकाम्या खिडकीकडे गेली, चौकटीतल्या दातावर थांबली, तिथून भिंतीशी बसलेल्या माईंकडे, भेरूलालजींकडे, आणि शेवटी दुर्गाकडे आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या नजरेने त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"माईची खुर्ची तू हलवलीस," तो म्हणाला.

"हो."

यापुढे काही विचारायचं उरलं नव्हतं. भेरूलालजींना मराठी कळत होतं तेवढंच कळलं असेल. ते मिठाईच्या डब्याची दोरी सोडवण्यात गुंतले. श्रीनाथ भिंतीपाशी गेला, सागवानी पट्टी काढून आणली आणि बसवली. माईंची रीत तर मोडलीच होती, त्यामुळे आता परीक्षा घ्यायला हरकत नव्हती. त्याने बटण बंद करून प्लग ओढून काढला. ब्लेड चाकाने वर आणायला लागला, पण त्याला ते धड जमेना.

दुर्गा पुढे झाली. बोलवलं नव्हतं कोणी. तिने ब्लेड वर आणलं, बाजूला पडलेली एक काठी घेऊन तिच्या टोकाने ते सावकाश फिरवलं. एकेक दात सागवानाच्या चिरेतून निघून पुन्हा आत गेला. कुठेही लागलं नाही.

"पट्टी तिरकी. ब्लेड तिरकं. फेरा झाला," ती म्हणाली. "कुठे लागत नाही. दातसुद्धा सगळे जागेवर आहेत."

तिला ते सगळं पाठ आहे हे श्रीनाथला ठाऊक नव्हतं. पाठ असूनही ती काल दुपारपासून गप्प राहिली, हेही त्याच क्षणी त्याला कळलं. तेवढ्या बोलण्यात तिने दोन्ही कबूल केलं होतं.

त्याने प्लग लावला. दुर्गाने जाऊन स्विच वर केला आणि परत येऊन ती त्याच्या मागे उभी राहिली, खिडकी आणि त्याच्यामध्ये. तिथे उभं राहायचं काही कारण नव्हतं आणि माई हाक मारत होत्या. ती हलली नाही. श्रीनाथने बटण दाबलं, फळी गेली, कड निघाली. पाकळी जोडली तेव्हा सांधा असा मिटला की भेरूलालजींनी नखाने चाचपूनही त्यांना तो सापडेना. त्यांनी डब्यातला पेढा आधी माईंना दिला, मग श्रीनाथला, आणि दुर्गाला देताना म्हणाले की भाभीजी, आपने तो मशीन की पूरी पढ़ाई कर रखी है. दुर्गाने पेढा न खाता तबकात ठेवला.

संध्याकाळी सोनं वाटताना श्रीनाथने तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. तिने विचारलं, रागावलात का. तो म्हणाला, राग आला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला की मी बँकेत असतो तर तुला हे करायची वेळ आली नसती, हे मला समजतं, पण मी सोमवारी जाणार आहे ते राजीनामा द्यायलाच. दुर्गा म्हणाली, द्या. तिला आता पापड आठवले नाहीत. तिला फक्त तो कुर्ता आठवत होता, नवा, आणि त्याच्या मागची रिकामी खिडकी.

राजीनामा दिला. देवघरं बनत राहिली, भेरूलालजी नेत राहिले, बरे दिवस आले आणि वाईटही आले. पुढे कामाला माणसं ठेवली, मशीन मागच्या अंगणात शेडमध्ये गेलं. पण तिरकं काम असलं की श्रीनाथ बटण दाबायच्या आधी आजही स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतो.

"दुर्गा, पट्टी कोणती?"

पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर असते. त्याने स्वतःच बसवलेली असते. तरी दुर्गा गॅस बारीक करते, हात पुसत अंगणात येते, वाकून पाहते आणि सांगते. मगच मशीन सुरू होतं. हा त्याचा विश्वास आहे की तिची शिक्षा, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही, आणि विचारायचं धैर्यही झालेलं नाही. पण हाक आली की ती जाते. एकदाही तिने आतूनच उत्तर दिलेलं नाही.